डाव्या खिडकीतली तुळसा

सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, पोचलो तेव्हा ऊन नुकतं अंगावर यायला लागलं होतं आणि आमचं निम्म्याहून जास्त चालणं झालं होतं. तुळसा पुढे, मी मागे, दोघीही अनवाणी. पौष संपत आलेला. रात्रभर दव पडून कातळ इतका गार झाला होता की तळपाय कुठे टेकतोय ते कळत नव्हतं. खाली उतारावरच्या आंब्याच्या कलमांना मोहोर आलेला, त्याचा वास मधूनच वर यायचा. तुळसाने चालता चालता तिसऱ्यांदा मागे वळून बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्याही मागे, वाडीकडून येणाऱ्या वाटेकडे.

"कोण येता काय गो?" मी विचारलं.

"नाय. उगीच."

उगीच कोणी तीनदा मागे बघत नाही. पण त्या थंडीत आमच्या वाडीत कोणी कोणाला सरळ विचारत नव्हतं आणि कोणी सरळ सांगतही नव्हतं.

आम्ही पावणादेवीच्या देवळात चाललो होतो, दोन कामांसाठी. एक म्हणजे तुळसाने मार्गशीर्षात देवीसमोर ठेवलेला नारळ उचलायचा होता, म्हणजे घातलेलं गाऱ्हाणं मागे घ्यायचं होतं. दुसरं म्हणजे तिचा नवरा बाबल याने येत्या सोमवारी ट्रक घेऊन उत्तरेकडे जावं की नाही, याचा कौल घ्यायचा होता: उजवा पडला तर जायचं, डावा पडला तर नाही. बाबलच्या उजव्या डोळ्याने दिसेनासं झालं होतं. हे वाडीत तिघांनाच ठाऊक होतं: तो, तुळसा आणि आदल्या संध्याकाळपासून मी. (नावं मी बदलून लिहिते आहे. एवढं तरी राखायला हवं.)

मी तिला लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखते. मी वाडीतली अंगणवाडी सेविका, तिची मुलगी भक्ती माझ्याकडेच पहिली अक्षरं शिकली. भक्तीचं लग्न होऊन ती बांद्याला गेली आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर तुळसा नवऱ्याबरोबर ट्रकवर गेली. त्याला आता सहा थंड्या झाल्या. बाबलचा दहा चाकी ट्रक, पिवळा. पावसाळ्यात ट्रक उभाच असतो. आंब्यात देवगड ते वाशी अशा खेपा. पण खरी कमाईची खेप थंडीत. इकडून काजूगर आणि कोकम दिल्लीकडे न्यायचे, येताना आग्र्याकडचे बटाटे बेळगावला उतरवायचे. एका खेपेला बारा-पंधरा दिवस जातात. क्लीनर टिकत नव्हता. एक पळाला, एक दारूडा निघाला. मग तुळसा म्हणाली, "मीच येतंय."

तेव्हा वाडीत काय काय बोललं गेलं! "घोवावर पहारो ठेवक जाता." "रस्त्यार खंय दुसरा बिऱ्हाड आसतला, तां बघूक जाता." विहिरीवर काशीबाईने तिला तोंडावर विचारलं, तर तुळसा म्हणाली, "होय गो, पहारोच. तुझ्या घोवाक पण न्हेव काय? जागा आसा टपात." काशीबाई त्यानंतर महिनाभर बोलली नाही.

पहाऱ्याचं खोटं नव्हतं अगदी. ती स्वतःच मला सांगायची की पहिल्या दोन खेपांत तिने बाबलच्या मोबाईलवर आलेला एकेक नंबर लक्षात ठेवला. काही निघालं नाही. मग तिला गाडीच आवडायला लागली. केबिनमध्ये देवीचा फोटो, खाली छोटी शेगडी, पेजेचा टोप, डब्यात सुकट. नऊवार ती तशीही कधी नेसली नव्हती. थंडीत गाऊन, वर बाबलचा जुना स्वेटर आणि कानटोपी. उत्तरेकडच्या ढाब्यांवर लोक बघत बसायचे. नाक्यावर पोलीस विचारायचे, ही कोण? बाबल म्हणायचा, बायको. त्यांना खरं वाटायचं नाही. म्हणून तिने लग्नाचा फोटो प्लॅस्टिकमध्ये घालून घेतला होता. एकदा एका हवालदाराने फोटो बघितला, तिला बघितलं आणि म्हणाला, "ये आप हैं?" तुळसा बाबलकडे बोट करून म्हणाली, "हाँ, और ये भी यही है. दोनों खराब हो गए." हवालदार हसला आणि सोडलं.

तिचं काम डाव्या बाजूचं. एवढ्या लांब ट्रकची डावी बाजू ड्रायव्हरला नीट दिसत नाही. डाव्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ती सांगायची, कोण येतंय, किती जागा आहे, गटार कुठे आहे. मागे घेताना उतरून डाव्या अंगाला उभी राहायची आणि ताडपत्रीवर थाप मारत ओरडायची, "येव दे, येव दे, येव दे, बस!" बाबल कौतुकाने सांगायचा, "डावी बाजू तुळसाची, उजवी माझी." सहा वर्षांत डाव्या बाजूला एक ओरखडा नाही.

आणि या वर्षी जे काही झालं ते सगळं उजवीकडे.

दिवाळीनंतर उजवा आरसा फुटला. तुळशीचं लग्न झालं आणि मागचा उजवा दिवा फुटला. मार्गशीर्षात उजवीकडचा बंपर चेपला आणि त्यावर निळा रंग लागलेला. तिन्ही वेळा एकच प्रकार. खेपेवरून आल्यावर तुळसा सामान घेऊन घराच्या वळणावर उतरायची आणि बाबल एकटाच ट्रक पुढे, तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावरच्या माळावर लावून यायचा. सकाळी बघतात तर मोडलेलं. बाबल म्हणायचा, "रात्री कोणीतरी ठोकून गेलो." तिसऱ्या वेळी म्हणाला, "मुद्दाम करतहत."

त्या माळावर दुसरा ट्रक एकच उभा असतो. माझा दीर सिद्धेश याचा. त्याचा रंग निळा.

झालं. तुळसाने काही विचारलं नाही, चौकशी केली नाही, सरळ देवीसमोर नारळ ठेवला. आमच्या गावची रीत अशी की वाईट कोणी केलं ते कळेना झालं की नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, नाव न घेता. मग तो माणूस आणि देवी. तुळसाने गाऱ्हाणं घातलं, "जो कोण आमच्या गाडयेक हात लायता, त्येच्या हातात परत स्टेअरिंग येव नको." नाव घेतलं नाही, पण घ्यायची गरजही नव्हती. सगळी वाडी आमच्या घराकडे बघायला लागली. सिद्धेशने चार माणसांत शपथ घेतली, तरी त्याच्या बायकोला विहिरीवर वेगळं उभं राहावं लागलं. मी तुळसाशी बोलणं टाकलं. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना नाव घ्यायची माणसं असतात ना, त्यातून तिचं नाव मी गाळलं. देवाला ते कळलं असणार.

हे सगळं डोक्यात चाललेलं असताना मागून मोटरसायकलचा आवाज आला. तुळसा दचकून बाजूला झाली. सिद्धेश होता. आमच्यापुढे जाऊन त्याने गाडी आडवी थांबवली.

"काय गो तुळसावयनी, आज कोणाचो नारळ?"

"तुझोच. ठेवलेलो तो उचलूक जातंय."

सिद्धेशला हे अपेक्षित नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं, परत तिच्याकडे. "मी गाडयेक हात लावक नाय म्हणान सगळ्यांसमोर सांगलंय, तेवा तुका खरा वाटूक नाय. आता कसा वाटला?"

"वाटला."

"कोणी सांगल्यान?"

"देवीन."

"बरी देवी. दीड महिनो लागलो तिका?" तो हसला, पण डोळे हसत नव्हते. "वयनी, तू कित्याक वांगडा? साक्षीक?"

मी म्हटलं, "होय. हिच्याबरोबर इलंय, साक्षीक."

"बसा मगे मागे. एकेकीक सोडतंय."

"नारळ उचलूचो तर चलतच जावक होया," तुळसा म्हणाली. "तू जा आपल्या कामाक."

तो गेला नाही लगेच. किक मारायचं सोडून म्हणाला, "बाबल बरो आसा मा? काल तिठ्यार माझ्या शेजारसून गेलो. मी हात केलंय. बघूक नाय. म्हटला, अजून राग आसा."

तुळसाने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "राग नाय. घाईत आसतलो."

सिद्धेशने तिच्या पिशवीकडे बघत किक मारली. मग गेला. तो सांगितलेल्यावर विश्वास ठेवून गेला असं मला वाटलं नाही. त्याला कळलं तर उद्या तिठ्याला कळणार, परवा तळेऱ्याच्या ट्रान्सपोर्टवाल्याला, आणि बाबलला माल कोणी देणार नाही. ट्रक विकायची वेळ आली तरी गिऱ्हाईक भाव पाडूनच मागणार. म्हणून तुळसा वाटेकडे बघत होती तर, असं मला वाटलं. पुढे कळलं की तेवढंच नव्हतं.

थोडं पुढे जाऊन ती एका जांभ्याच्या धोंड्यावर बसली. तळपाय चोळत म्हणाली, "तुका काल मी सगळा सांगूक नाय."

काल संध्याकाळी, दीड महिन्याचा अबोला मोडून, तिने घरी येऊन मला एवढंच सांगितलं होतं की डोळ्यांच्या डॉक्टरनी काचबिंदू म्हटलं आहे. उजवा डोळा गेला तो गेला. डावा थेंब घालून राखायचा आणि अवजड गाडी चालवायची नाही. आणि बाबल म्हणतो, "डॉक्टराक काय? तो गाडयेत बसलो हा कधी?"

"मगे आता सांग," मी म्हटलं.

ती सांगायला लागली. नारळ ठेवल्यावर दोन दिवसांनी ते खेपेवर गेले. ग्वाल्हेर सोडल्यावर धुकं. असं धुकं की बोनेट दिसत नाही. बाबल पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरून चालला होता. मधेच विचारायचा, "दिवो दिसता मा?" तिला वाटायचं, धुक्यामुळे विचारतो. मग तिला वाटलं, हा प्यायला असेल. तिने झोपेचं सोंग घेऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता. मग वाटलं, कसली गोळी घेतो का? त्याच्या शर्टाचे खिसे बघितले. विडी-काडी तेवढी.

"सकाळी एका ढाब्यार थांबलो. अंगणात खाटी मांडलेले. आमी च्या घेतलो. निघताना भक्तीचो बापूस म्हणालो, मागे घेतंय, तू डावीकडसून बघ. मी डावीकडसून बघतंय. 'येव दे, येव दे' म्हणतंय. आणि उजवीकडसून कर्रकन आवाज इलो."

तिने तळपाय चोळायचं सोडलं.

"खाट होती, वयनी. उजवीकडची. चाक वरसून गेला. एक म्हातारो निजलेलो तिच्यार, तो नुकतोच च्या पिवक उठान गेल्लो. गोधडी तशीच. मी हात लावन बगलंय." तिने स्वतःचा तळवा उघडून बघितला. "गरम होती."

रामरक्षेची पहिली ओळ तेवढी मनात आली आणि पुढची आठवेना.

"म्हातारो शिवी देऊक नाय गो. हातात ग्लास धरून माझ्याकडे नुसतो बघीत रवलो. भक्तीचो बापूस म्हणता, 'खाट कोणी मधी घातल्यान?' मधी नव्हती. कडेकच होती. उजव्या आरशात दिसाक होयी होती, त्येकाच दिसूक नाय."

त्या दिवशी दुपारी एका पंपावर बाबल हातपाय धुवायला गेला असताना तुळसाने आपला लाल रुमाल उजव्या आरशाच्या दांड्याला बांधला. चांगला हातभर लांब. परत येऊन त्याने ट्रक चालवला. तास झाला, दीड तास झाला. रुमाल त्याच्या कानाजवळ फडफडत होता. तिने विचारलं, "उजवीकडे काय दिसता?" तो म्हणाला, "काय दिसतला? रस्तो."

"तेवा माका कळला आरसो कोणी फोडल्यान, दिवो कोणी फोडल्यान," तुळसा म्हणाली. "आणि मी नारळ ठेवलंय कोणावर."

परतीचे आठ दिवस ती दोन्ही बाजूंना बघत आली. झोपली नाही. घरी आल्यावर भांडून, रडून त्याला डॉक्टरकडे नेलं. आता पुढची खेप सोमवारी ठरलेली. बाबल ऐकत नव्हता. शेवटी म्हणाला, देवीला विचार. देवी नको म्हणाली तर स्टेअरिंग सोडतो. पण तुझ्या तोंडून नको.

हे मला ठाऊक होतं, कारण आदल्या संध्याकाळी तुळसा गेल्यावर तो स्वतः आमच्या दारात आला होता. दीड महिन्यात पहिल्यांदा. पायरीवर अंदाजाने पाय टाकत आला. आधी मला ते कळलं नसतं, आता कळलं. म्हणाला, "वयनी, उजवो कौल पडलो तरी तुळसा माका डावोच सांगतली. मी तिका वळाखतंय. तुमी जावा. तुमी सांगशात तां मी ऐकतलंय. तुमी खोटा बोलाच्या नाय." मी हो म्हटलं. नंतर मला शंका आली की हा माझ्या खरेपणाचं कौतुक करायला आला होता की त्याला देवी आपल्या बाजूने बोलेल अशी खात्री होती. गेली तीस वर्षं पावणादेवीने त्याला प्रत्येक खेपेला उजवाच कौल दिलेला आहे.

तुळसा धोंड्यावरून उठेना. मला वाटलं, आता मीही सांगायला हवं. नाहीतर देवळाच्या पायऱ्या चढता येणार नाहीत.

"तुळसा, मी खांब बगलंय," मी म्हटलं.

"खंयचो खांब?"

तिठ्यावरच्या एसटीच्या शेडचा लोखंडी खांब. ग्रामपंचायतीने दिवाळीआधी त्याला निळा रंग दिला होता. तिने नारळ ठेवला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीकडे जाताना बघितलं. खांब कमरेच्या उंचीवर वाकलेला, निळा रंग खरवडलेला आणि त्यावर पिवळा लागलेला. वाडीत पिवळी गाडी एकच. मी तिथे उभी राहून सगळं समजले होते. म्हणजे डोळ्यांचं नाही, मला वाटलं बाबल पिऊन गाडी लावतो. पण सिद्धेशने काही केलेलं नाही, हे समजलं होतं. मी ते कोणाला सांगितलं नाही. सिद्धेशलासुद्धा नाही. मनात म्हटलं, हिने आमच्या घरावर नारळ ठेवला ना, आता देवीच दाखवू दे हिला.

"त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमी गेलात खेपेक," मी म्हटलं. "मी सांगलं असतंय तर तू तेवाच त्येका विचारलं असतंस."

तुळसाने माझ्याकडे बघितलं. मला वाटतं त्या म्हाताऱ्याने तिच्याकडे असंच बघितलं असेल. शिवी नाही, काही नाही.

"तुका म्हायत होता," ती म्हणाली.

"होता."

ती उठली आणि चालायला लागली. पुढचा मैलभर आम्ही एक शब्द बोललो नाही. सड्याच्या कडेला काजूची झाडं लागली, मग उतार, मग देवळाचं कौलारू छप्पर दिसलं. मला सारखं वाटत होतं की ती आता म्हणेल, जा परत. नाहीतर देवीसमोर उभं करून गुरवाला सांगेल, हिच्या नावाने पण एक नारळ ठेव. ठेवला असता तरी मी काय म्हणणार होते?

देवळाच्या विहिरीवर आम्ही पाय धुतले. आत गुरव देवीला पाणी घालत होता, त्याच्या कळशीचा आवाज येत होता. आता तो देवीच्या अंगावर फुलाच्या ओल्या पाकळ्या लावणार. तुळसाच्या नावाने गाऱ्हाणं घालणार: बाबलाने गाडी चालवायची असेल तर उजवीकडची पाकळी पाड, नको असेल तर डावीकडची. आणि जे पडेल ते मी घरी जाऊन सांगायचं.

तुळसा पहिल्या पायरीवर थांबली. परत एकदा मागे बघितलं. वाट रिकामी होती. तेव्हा मला कळलं, ती सिद्धेशची वाट बघत नव्हती की बाबलची. कोणी ऐकणारं नाही ना, एवढंच बघत होती. सकाळपासून.

"वयनी," ती हळू म्हणाली, "तू देवाच्या दारात कधी खोटा बोललंस?"

"नाय."

"म्हायत आसा. म्हणानच तो तुका धाडता." तिने माझं मनगट धरलं. पाण्याने गार झालेला हात, पण पकड घट्ट. "खांब बगून तू खरा म्हायत असान गप्प रवलंस. मी काय म्हणाक नाय तुका, वाटेर एक शबूद बोलाक नाय. आता माझा एक ऐक. आत कौल खंयचो पण पडां दे. उजवो पडलो तरी तू घराकडे जावन त्येका सांग, डावो पडलो. देवी नको म्हणता म्हणान सांग. तुझ्या तोंडातसून इला तर तो चावी ठेवतलो. पाप लागात तां माझ्या माथ्यार, मी नारळ उचलताना देवीक तसा सांगतंय. पण तू सांग, वयनी. सांगशीत मा?"